दवादारू आणि दारूगोळा: जिभेखालच्या गोळीचा इतिहास



आपण बोलताना 'दवादारू' म्हणतो आणि 'दारूगोळा'ही म्हणतो. या दोन्ही शब्दांतली दारू एकच आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. तोच शब्द मराठीत येऊन आजाऱ्याच्या उपचारालाही लागला आणि तोफेत ठासायच्या पुडीलाही. चीनमध्येही असंच झालं. तिथे तोफेच्या दारूला जे नाव पडलं, त्याचा शब्दशः अर्थ 'आगीचं औषध' असा होतो.

हा नुसता शब्दांचा योगायोग नाही. स्फोटकं आणि औषधं यांचं नातं जुनं आहे, आणि आज ते तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात आहे. छातीत दुखायला लागलं की जिभेखाली धरायची जी छोटी गोळी हृदयरोग्यांना दिली जाते, ती सुरुंगाच्या कांडीच्या घराण्यातली आहे. 'डॉक्टर, ही गोळी खिशात फुटणार तर नाही ना?' हा प्रश्न त्यामुळे वेडगळ नाही. उत्तर 'नाही' असंच आहे. पण ते का, हे समजून घेताना या गोळीचा सगळा इतिहास समोर येतो, आणि तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या बहुतेक सूचनांचा अर्थही त्यातूनच कळतो.

परंड्याचा किल्ला आणि सोरा

सुरुवात जवळून करू. परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रेला गेलेले बरेच जण परंड्याचा भुईकोट किल्लाही पाहून येतात. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ एके काळी याच किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ती ओतली गेली, परंड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली.

अशा तोफांना लागणाऱ्या दारूत तीन जिन्नस असत: सोरा, गंधक आणि कोळसा. त्यातला मुख्य जिन्नस सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आगीला लागणारा ऑक्सिजन सोऱ्यातच साठवलेला असतो. म्हणून तोफेच्या बंद नळीतही दारू पेट घेते.

हाच सोरा वैद्य-हकिमांच्या फडताळातही असे. लघवी साफ होण्यासाठी तो देत. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद जाळून त्याचा धूर दम्याच्या रुग्णाला घ्यायला सांगत. आज तुम्ही दात शिवशिवतात म्हणून जी टूथपेस्ट वापरता, तिच्या वेष्टनावर 'पोटॅशियम नायट्रेट' लिहिलेलं आहे का पाहा. पुष्कळदा सापडेल.

सोऱ्यावर गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया केली की नायट्रिक आम्ल मिळतं. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी हे नायट्रिक आम्ल हाती लागेल त्या पदार्थावर टाकून पाहिलं. कापसावर टाकलं, साखरेवर टाकलं, आणि एका माणसाने ते ग्लिसरीनवर टाकलं. आपली गोष्ट इथून सुरू होते.

तुरीनमधला एक थेंब

त्या माणसाचं नाव अस्कानियो सोब्रेरो. इटलीतल्या तुरीन शहरात १८४७ मध्ये त्याने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या थंड मिश्रणात ग्लिसरीन थेंब थेंब सोडलं. त्यातून तेलासारखा जड द्रव तयार झाला. तो म्हणजे नायट्रोग्लिसरीन.

हा द्रव नुसत्या धक्क्यानेही फुटतो, हे सोब्रेरोला लवकरच कळलं. एका स्फोटात त्याच्या चेहऱ्याला कायमचे व्रण राहिले. त्या काळी रसायनशास्त्रज्ञ नवीन पदार्थाची चवही घेऊन पाहत. सोब्रेरोने अगदी किंचित थेंब जिभेला लावला आणि त्याचं डोकं जबर ठणकायला लागलं. हे त्याने नोंदवून ठेवलं.

डोकेदुखीची ही नोंद महत्त्वाची ठरली. अमेरिकेत कॉन्स्टंटाइन हेरिंग हे होमिओपॅथ होते. जो पदार्थ निरोगी माणसाचं डोकं दुखवतो तो डोकेदुखी बरी करेल, या त्यांच्या शास्त्राच्या तर्काने त्यांनी नायट्रोग्लिसरीन तपासायला घेतलं आणि त्याला 'ग्लोनॉइन' नाव दिलं. होमिओपॅथीच्या औषधांच्या यादीत ते नाव आजही आहे. पण छातीच्या दुखण्याशी या पदार्थाचा संबंध कुणाच्या लक्षात आलेला नव्हता.

फोडणारा आणि वाचवणारा

मधल्या काळात स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेल यांनी हा द्रव खाणींसाठी आणि बोगद्यांसाठी तयार करायला घेतला. त्याची फार मोठी किंमत त्यांनी मोजली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधल्या त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यांचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही जण त्यात मरण पावले.

नोबेल थांबले नाहीत. नायट्रोग्लिसरीन एका सच्छिद्र मातीत मुरवलं तर ते सहजासहजी फुटत नाही, पण पेटवणारी टोपी लावली की फुटतं, हे त्यांनी शोधलं. १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं डायनामाइट. त्याच्या चारच वर्षं आधी, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. तिचे बोगदे जुन्या सोऱ्याच्या दारूने फोडलेले होते. डायनामाइट आल्यावर जगभर दगड फोडण्याची गती बदलली.

पुढे १८७५ मध्ये नोबेल यांनी जिलेटीन बनवलं. यात उलटा प्रवास दिसतो. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं कोलोडियन तेव्हा जखमेवर पातळ पापुद्रा धरण्यासाठी लावत. नोबेल यांनी कापलेल्या बोटाला ते लावलं होतं आणि त्यावरूनच ते नायट्रोग्लिसरीनमध्ये मिसळण्याची कल्पना त्यांना सुचली, असं सांगितलं जातं. जखमेचं औषध असं स्फोटकात गेलं.

'जिलेटीनच्या कांड्या' हा शब्द मराठवाड्याला नवीन नाही. आपल्याकडे माती खरवडली की खाली काळा कातळ. पाणी लागेपर्यंत विहीर उतरवायची तर सुरुंग लावावाच लागतो. १९७२ च्या दुष्काळातल्या आणि त्यानंतरच्या विहिरींच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि सुरुंगात हात गमावलेली माणसंही जुन्या लोकांना आठवतात. नायट्रोग्लिसरीनची स्फोटकं भारतात २००४ पासून बंद झाली आहेत. आताच्या कांड्यांत दुसरी रसायनं असतात, पण लोक त्यांना जिलेटीनच म्हणतात.

पेन हलवणारे ठोके

आता दवाखान्यात येऊ. चालताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, थांबलं की बरं वाटणं, हे दुखणं इंग्लंडच्या विल्यम हेबरडेन यांनी १७६८ मध्ये नीट वर्णन केलं. त्यालाच आपण अंजायना म्हणतो. पण पुढची शंभर वर्षं त्यावर धड औषध नव्हतं. ब्रँडी देत, अफू देत, रक्त काढत.

१८६७ मध्ये, डायनामाइटच्याच वर्षी, एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरने एक निरीक्षण केलं. रक्त काढल्यावर काही रुग्णांचं छातीचं दुखणं थोडा वेळ थांबतं. मग रक्त न काढता रक्तदाब उतरवला तर? अमिल नायट्राइट हुंगल्यावर चेहरा लाल होतो आणि रक्तदाब उतरतो, हे माहीत होतं. ब्रंटनने ते रुमालावर टाकून रुग्णांना हुंगायला दिलं. अर्ध्या ते एका मिनिटात दुखणं थांबलं. पण परिणाम फार थोडा वेळ टिकायचा.

त्यानंतर लंडनचे विल्यम मरेल पुढे आले. नायट्रोग्लिसरीनबद्दल त्यांनी परस्परविरोधी अहवाल वाचले होते. कुणी म्हणे हे जहाल विष आहे, कुणी म्हणे काहीच होत नाही. मरेल यांनी एक टक्का द्रावण घेतलं आणि रुग्ण तपासत असतानाच बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं. काही क्षणांत त्यांची नाडी सगळ्या अंगात ठणकायला लागली. हातातली लेखणीसुद्धा प्रत्येक ठोक्याला हलत होती.

त्यांनी स्वतःवर पुन्हा पुन्हा प्रयोग केले, मग आणखी ३५ जणांवर केले, आणि नाडीचे आलेख काढले. ते आलेख अमिल नायट्राइटच्या आलेखांसारखेच होते, फक्त परिणाम जास्त वेळ टिकत होता. मग अंजायनाच्या रुग्णांना हे द्रावण थेंबांनी दिलं आणि १८७९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. आज आपण देतो त्या उपचाराचा जन्म तो. दीडशे वर्षं होत आली, तरी हे औषध मागे पडलेलं नाही.

आयुष्याच्या शेवटी खुद्द नोबेल यांनाही हृदयाचा विकार जडला. डॉक्टरांनी त्यांना कोणतं औषध लिहून दिलं असेल? नायट्रोग्लिसरीन. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्याला पत्र लिहून नशिबाच्या या थट्टेबद्दल सांगितलं आणि औषधवाल्याला व लोकांना भीती वाटू नये म्हणून त्याला 'ट्रायनायट्रिन' म्हणतात, हेही लिहिलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर रोजी, ते मेंदूतल्या रक्तस्रावाने वारले.

नाव बदलण्याची ती रीत अजून आहे. तुमच्या पाकिटावर 'ग्लिसरील ट्रायनायट्रेट' किंवा 'जीटीएन' लिहिलेलं असेल तर ते नायट्रोग्लिसरीनच. आणि आपल्याकडे ज्या सॉर्बिट्रेटची पट्टी घरोघरी दिसते, त्यातलं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट हे त्याचं भावंड आहे.

गोळी का फुटत नाही

नायट्रोग्लिसरीनच्या रेणूला नायट्रेटचे तीन गट टांगलेले असतात. धक्का बसला की सगळे रेणू एकदम तुटतात आणि क्षणात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांचा प्रचंड गरम लोट तयार होतो. थोड्याशा द्रवाचा एवढा वायू होतो की शेजारचा कातळ तडकतो.

शरीरात तेच नायट्रेट गट तुटतात, पण सावकाश, एकेक करून, पेशींमधल्या एन्झाइमच्या हातून. त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल होतात.

मात्रेचा फरकही पाहा. एका कांडीत ५० ग्रॅम नायट्रोग्लिसरीन धरलं, तर जिभेखालच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या त्या एक लाख गोळ्या झाल्या. शिवाय गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम निरुपद्रवी भुकटीत विखुरलेलं असतं. त्यामुळे गोळी पडली, चेचली, उन्हात राहिली तरी फुटत नाही. उन्हाने होतं ते एवढंच की तिचा गुण जातो.

औषध कसं चालतं हे समजायला मात्र शंभरावर वर्षं लागली. १९७७ मध्ये अमेरिकेत फेरिद मुराद यांनी दाखवलं की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. पुढे रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांच्या कामातून कळलं की आपल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हाच वायू स्वतः तयार करतं. म्हणजे शरीर जे आपलं आपण करत असतं, तेच ही गोळी बाहेरून करून देते. या तिघांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं. डायनामाइटच्या पैशातून उभं राहिलेलं पारितोषिक, डायनामाइटमधला पदार्थ हृदयाला कसा उपयोगी पडतो हे सांगणाऱ्यांना.

सोमवारची डोकेदुखी

या औषधाबद्दलची एक मोठी गोष्ट कुठल्या प्रयोगशाळेत नाही, तर कारखान्यांत कळली. डायनामाइट बनवणाऱ्या कामगारांचं सोमवारी कामावर आलं की डोकं भयंकर दुखायचं. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आणि श्वासातून अंगात जायचं. मंगळवार-बुधवारपर्यंत डोकेदुखी थांबायची. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. काही कामगार तर सुट्टीतही सवय टिकावी म्हणून हा पदार्थ टोपीच्या पट्टीत थोडा लावून घरी नेत.

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली, नायट्रोग्लिसरीन कातडीतून आत जातं. १९८० च्या दशकात छातीवर चिकटवायच्या पट्ट्या आल्या, त्या याच गुणावर चालतात. दुसरी, शरीराला या औषधाची लवकर सवय होते. डोकेदुखी थांबली, कारण शरीर औषधाला जुमानेनासं झालं. रुग्णाच्या बाबतीतही हेच घडतं. चोवीस तास औषध अंगात राहिलं तर त्याचा गुण उतरतो.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या काही कामगारांबद्दल लिहिलं. त्यांना छातीचं दुखणं कामावर असताना होत नव्हतं, सुट्टीत होत होतं. नायट्रोग्लिसरीनच्या सवयीच्या झालेल्या रक्तवाहिन्या ते अचानक बंद झाल्यावर आवळत होत्या. त्यांतल्या काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळाही नव्हता.

या कामगारांची नावं पाठ्यपुस्तकात नाहीत. पण रोज लाखो रुग्णांना मिळणारा एक सल्ला त्यांच्या डोकेदुखीतून आलेला आहे. स्फोटकांच्या कारखान्यांतला धोका आजही संपलेला नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले.

गोळी काय करत नाही

इथपर्यंत गोळीचं कौतुक झालं. आता तिची मर्यादा, आणि तुमच्यासाठी या लेखातला हाच सर्वात महत्त्वाचा भाग आहे.

ही गोळी रक्तवाहिनी सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी करते आणि त्यामुळे हृदयाचं ओझं हलकं होतं. म्हणून दुखणं थांबतं. पण रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती गुठळी ही गोळी विरघळवत नाही. हार्ट अटॅक म्हणजे बहुतेक वेळा हीच गुठळी.

हे मोठ्या अभ्यासांतून तपासलेलं आहे. 'आयसिस-४' हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅकच्या सुमारे ५८ हजार रुग्णांचा त्यात समावेश होता. अर्ध्या रुग्णांना नायट्रेटची गोळी महिनाभर दिली. मृत्यू त्याने लक्षणीय कमी झाले नाहीत. याउलट १९८८ च्या 'आयसिस-२' अभ्यासात सुमारे १७ हजार रुग्ण होते. तिथे साध्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. ॲस्पिरिनबरोबर गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही दिलं तेव्हा ते ४२ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणजे दुखणं थांबवणारं औषध एक आणि जीव वाचवणारा उपचार दुसरा. सोनारीसारख्या गावात हा फरक फार महत्त्वाचा आहे. रात्री अकराला वडिलांच्या छातीत कळ येते. कपाटातली सॉर्बिट्रेट जिभेखाली दिली जाते. दहा मिनिटांत त्यांना जरा बरं वाटतं. 'आता एवढ्या रात्री परंडा, तिथून बार्शी कुठे जायचं? सकाळी बघू,' असं घरात ठरतं. गुठळी मात्र तिथेच असते आणि हृदयाचा स्नायू रात्रभर मरत राहतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा सर्वात जास्त फायदा पहिल्या काही तासांत होतो. बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही. बरं वाटलेल्या त्या दहा मिनिटांनी मोलाचे सहा-आठ तास घालवलेले असतात.

आणखी एक गैरसमज. 'गोळीने थांबलं म्हणजे हृदयाचं, नाही थांबलं म्हणजे ॲसिडिटी.' तसं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत छातीदुखीच्या ४५९ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांचं दुखणं हृदयाचं होतं त्यांच्यातल्या ३५ टक्के लोकांना नायट्रोग्लिसरीनने आराम पडला, आणि ज्यांचं हृदयाचं नव्हतं त्यांच्यातल्या ४१ टक्के लोकांना. अन्ननलिकेचे स्नायूही या औषधाने सैल होतात, त्यामुळे तिचं दुखणंही थांबू शकतं. गोळी ही तपासणी नाही. तपासणी म्हणजे ईसीजी.

मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून 'छातीत दुखलं की कुणालाही सॉर्बिट्रेट द्या' असंही करू नका. काही हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा उजवा भाग दुबळा होतो आणि रक्तदाब आधीच पडलेला असतो. त्यात ही गोळी दिली तर रक्तदाब आणखी कोसळतो. घाम फुटलेला, डोळ्यांपुढे अंधारी येणारा, हातपाय गार पडलेला माणूस समोर असेल तर ही गोळी देऊ नका, गाडी बोलवा.

चिठ्ठीवरच्या सूचना, आता अर्थासकट

*बसून घ्या.* रक्तदाब पटकन उतरतो. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडाल.

*जिभेखाली धरा, गिळू नका.* नायट्रोग्लिसरीन गिळलं तर यकृतात बरंचसं मोडतं आणि काम उशिरा होतं. जिभेखालून ते थेट रक्तात जातं.

*डोकं दुखेल.* सोब्रेरोचं आणि मरेलचंही दुखलं होतं. औषध लागू पडतंय याचीच ती खूण. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

*पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.* तुम्हाला डॉक्टरांनी ही गोळी दिलेली असेल आणि एका गोळीनंतर पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही, किंवा वाढलं, तर वाट पाहू नका. ॲस्पिरिन घ्यायला डॉक्टरांनी सांगून ठेवलं असेल तर ती चावून घ्या. दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, किंवा बसल्या जागी आलं असेल, तर गोळीने थांबलं तरी त्याच वेळी ईसीजी काढून घ्या.

*दिवसातून दोनदा असेल तर सकाळी आणि दुपारी घ्या. पट्टी असेल तर रात्री काढा.* शरीराला सवय होऊ नये म्हणून रोज दहा-बारा तासांची मोकळीक ठेवायची. ही सूचना सोमवारच्या डोकेदुखीतून आलेली आहे. प्रत्येक गोळीचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून तुमच्या चिठ्ठीवर आहे तेच पाळा.

*एकदम बंद करू नका.* सुट्टीच्या दिवशी छाती दुखणाऱ्या कामगारांची आठवण ठेवा.

*नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवा.* ते हळूहळू उडून जातं आणि प्लॅस्टिकमध्ये मुरतं. कागदाच्या पुडीत किंवा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली गोळी वेळेला काम करणार नाही. सॉर्बिट्रेट पट्टीत टिकते, पण तिचीही मुदत पाहत जा.

*लैंगिक ताकदीची गोळी घेत असाल तर सांगा.* सिल्डेनाफिल हे औषध मुळात अंजायनासाठीच तपासलं जात होतं. तिथे ते फारसं चाललं नाही आणि १९९८ मध्ये व्हायग्रा म्हणून बाजारात आलं. नायट्रिक ऑक्साइड जो परिणाम सुरू करतो, तो हे औषध लांबवतं. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट घ्यायचं नसतं. यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगा. मेडिकलमधून गुपचूप घेतलेल्या 'ताकदीच्या' पुड्यांबद्दलही सांगा, कारण त्यांतल्या काहींत हेच औषध मिसळलेलं आढळलं आहे.

पूर्वी या औषधाचं नाव बदललं ते लोक घाबरू नयेत म्हणून. मला वाटतं, आज ते लपवायची गरज नाही. गोळी काय आहे हे कळलं की ती कधी घ्यायची हे लक्षात राहतं, आणि ती घेतल्यावर अंथरुणावर न पडता गाडीत बसायचं, हेही लक्षात राहतं. घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर आज एवढं करा: बाटलीवरची मुदत पाहा, ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवा, आणि रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल, ईसीजीची सोय असलेला सर्वात जवळचा दवाखाना कोणता, हे आत्ताच ठरवून १०८ या क्रमांकाशेजारी लिहून ठेवा.